भुरीचं वाळवण

ससा म्हणजे गाजर, हे बालवाडीच्या भिंतीवर एकदा रंगवलेलं दिसलं की जन्मभर डोक्यातून जात नाही. आमच्या भुरीला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा न चुकता पाव किलो गाजरं घेऊन यायचा. ती आमच्या कोशिंबिरीत जायची आणि भुरीच्या वाट्याला यायची नखाएवढी एक चकती. गाजरात साखर बरीच. सशाचं पोट चालतं ते सुक्या गवतावर. रोज स्वतःच्या अंगाएवढा ढीग फस्त करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. बाकी सगळा फराळ.

भुरी आमच्याकडे आली २०१६ मध्ये. बोईसरला अणुऊर्जा केंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाची बदली कैगाला झाली. सामानाच्या यादीत ससा कुठेच बसेना. म्हणून पिंजरा, अर्धी पिशवी खाद्य आणि राखाडी-तपकिरी रंगाचं, मुठीत मावेल एवढं ते पिल्लू एका संध्याकाळी आमच्या दारात आलं. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "शेळी आणली असतीत तर निदान दूध तरी मिळालं असतं."

आठवडाभरात त्यांच्या जपमाळेचा गोंडा गेला. मग मोबाइलच्या चार्जरची वायर, चपलेचा अंगठा, शोकेसच्या खालच्या फळीची कड. पालघरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला चार-पाच इंच. ते झिजवायला काही मिळालं नाही तर वाढलेले दात गालात, हिरडीत रुततात आणि जनावर उपाशी मरतं. "तिला ओरडू नका, काम द्या," असं त्यांनी सांगितलं.

काम शोधायला लांब जावं लागलं नाही. माझा नवरा तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात आहे. तिथे सूत येतं ते जाड कागदाच्या कोनांवर गुंडाळून. सूत संपलं की रिकामे कोन पोत्यांनी भंगारात जातात. त्यानं त्यातले काही घरी आणले. कोनाच्या बाहेरचा गुळगुळीत, चकाकणारा थर आधी ओला करून सोलून काढायचा, कारण त्यावर रंग आणि लुकण असतं. मग कोन उन्हात खडखडीत वाळवायचा. आत सुकं गवत ठासून भरायचं, मधोमध कोथिंबिरीची एक वाळकी काडी खुपसायची आणि दोन्ही तोंडांतून गवताच्या शेंड्या बाहेर काढून ठेवायच्या. भुरी तो नाकानं ढकलत स्वयंपाकघरभर फिरवायची. मग पुढच्या पायांनी दाबून धरून एकेक काडी ओढायची. गवत संपलं की कोनाचाच फडशा. एक कोन साधारण दोन रात्री पुरायचा आणि सकाळी ओट्याखाली कागदाचा भुसा. खेळण्यांच्या दुकानात रंगीत लाकडी घंटा आणि प्लॅस्टिकचे चेंडू मिळतात. ते आम्ही एकदा आणले, तिनं एकदा हुंगले, संपलं.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक होता. एमआयडीसीत कापडापेक्षा रसायनांचे आणि औषधांचे कारखाने जास्त. तिथून आलेलं कुठलंही खोकं, कितीही मजबूत आणि फुकट असलं तरी, घरात घ्यायचं नाही. भुरीच्या घरासाठी पुठ्ठा यायचा तो वाण्याकडच्या बिस्किटांच्या खोक्यांचा. त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढायची, दोन दारं कापायची. ससा एकच दार असलेल्या बिळात निवांत बसत नाही.

गवताची तर आमच्याकडे चंगळ. दिवाळीनंतर मनोर-वाड्याकडून सुक्या गवतानं शिगोशीग भरलेले ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे जाताना हायवेवर रोज दिसतात. त्याच मुंबईत सशांसाठी परदेशी टिमोथी गवताची पाकिटं बदामाच्या भावानं विकतात. भुरीनं आयुष्यात टिमोथी पाहिलं नाही. स्टेशनजवळच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून आम्ही गवताचा भारा घ्यायचो. पहिल्यांदा मी कशासाठी हवंय ते सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "खायचा का पाळायचा?" त्यांच्या माहितीतला ससा माळावरचा, लांब पायांचा, शेताच्या बांधावरून सुसाट पळणारा. तो वेगळा प्राणी. तो बीळ खणत नाही, उघड्यावर गवतातच बसतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला धरता, मारता, पाळता येत नाही. घरात पाळतात तो मूळचा युरोपातला, बिळं करून राहणारा. भुरी सोफ्याचा कोपरा का उकरते, हे मला त्यावरून उमगलं. मग एक जुनं घमेलं बाल्कनीत ठेवून त्यात माती भरली, सोफा वाचला.

मावशींनीच मला नारळाच्या पातीचा चेंडू शिकवला. झावळीची पाती घ्यायची, मधला हीर काढून टाकायचा (तो खराट्याला जातो), पट्ट्या घटकाभर पाण्यात भिजवायच्या आणि एकाखालून एक घालत चौकोनी डबीसारखं विणायचं. माझे पहिले चेंडू हातातच सुटायचे. मावशी बोलता बोलता, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता विणायच्या. शेवटची पट्टी खेचण्याआधी आत एक सुकं जास्वंदीचं फूल टाकायचं. भुरी तो चेंडू दातात धरून हवेत भिरकवायची आणि मागे धावायची. फूल मिळेपर्यंत चेंडूच्या चिंध्या.

आणि आता वाळवण. एप्रिल-मेमध्ये आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, तांदळाचे सांडगे, मिरच्या. त्यातच एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, भुरीची चादर असायची. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं आणि पानं, पुदिना, कोथिंबिरीच्या काड्या, पेरूच्या कोवळ्या डहाळ्या. हे उन्हात टाकायचं नाही. उन्हात पाला पिवळा पडतो आणि वास उडतो. सावलीत, वाऱ्यावर, रोज हातानं वरखाली करत वाळवला की हिरवागार राहतो आणि मुठीत चुरचुरतो. शेजारच्या काकू सुरुवातीला नाक मुरडायच्या. पुढे स्वतःच देठं जपून ठेवून आणून द्यायला लागल्या. "तुझ्या माहेरवाशिणीला," म्हणायच्या. पत्र्याच्या डब्यात भरून कडुलिंबाची पानं वर पसरायची, ही धान्याची पद्धत इथे आम्ही टाळली. नुसता घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

या डब्याची किंमत जुलैत कळायची. आमच्या पट्ट्यात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. भाजी चिखलात माखलेली, पालेभाजी ओली आणि कुजकी, गवताला बुरशीचा वास. बुरशीचं गवत सशाला विष. अशा वेळी भारा पंख्याखाली पसरायचा, काळी पडलेली काडी वेचून टाकायची आणि रोज चिमूटभर वाळवण वर भुरभुरायचं. खाऊ म्हणून त्याचीच वडी करायचे. किसलेलं गाजर, ओटचं पीठ, चुरलेला पाला. साखर-गूळ-मीठ काही नाही. सुपारीएवढ्या वड्या थापून मंद आचेच्या तव्यावर पार कडक सुकवायच्या. आठवड्याला दोन पुरे. माझ्या मुलानं एकदा चोरून खाल्ली आणि दिवसभर पाणी पीत बसला.

सणांमध्ये भुरीचा सण म्हणजे गणपती. दूर्वा निवडायला बसलं की ती टोपलीशी हजर. एकवीस दूर्वांची जुडी बांधून ठेवली की मागच्या मागे वीस. सासूबाईंनी अखेर तिच्यासाठी वेगळी जुडी काढायला सुरुवात केली आणि वर सांगायच्या, "उंदराला चालतं तर हिला का नको?" दसऱ्याला तोरणाचे झेंडू, संक्रांतीला बोरन्हाण. शेजारच्या बाळाचं बोरन्हाण झालं तशी मुलाची हट्टानं मागणी आली, की भुरीचंही करायचं. हलव्याचे दागिने साखरेचे, म्हणून गाजराच्या सुक्या चकत्या आणि जास्वंदीच्या कळ्या ओवून हार केला. ओवायला दोरा घ्यायचा नाही, पोटात गेला तर आतडं अडतं; फुलवाले वापरतात ते केळीचं सोपट भिजवून घेतलं. हार गळ्यात पडला आणि फोटो काढेपर्यंत निम्मा संपला.

दिवाळीत किल्ला. एका वर्षी मुलानं तारापूरचा किल्ला करायला घेतला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं सुरुंग लावून तट उडवला आणि पोर्तुगीजांकडून तो घेतला. त्यांचे सरदार बाजी भिवराव तिथेच पडले. हे सगळं त्यानं शाळेच्या वहीतून वाचून काढलं, माती कालवली, बुरूज उभे केले, वर अळीव पेरला. अळीव हातभर माजला त्या दिवशी बाल्कनीचं दार उघडं राहिलं. भुरीनं आधी तटावरचं रान साफ केलं, मग पूर्वेच्या बाजूनं सरळ भुयार मारून दरबारात निघाली. मुलगा रडला, नंतर भुयाराच्या तोंडाशी भगवा लावून त्यानं तीच लढाई जाहीर केली.

फटाक्यांचा मात्र त्रास. ससा घाबरला की मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटतो. दिवाळीच्या रात्री तिचा पिंजरा आतल्या खोलीत, वर गोधडी, आत दोन गच्च भरलेले कोन. चावत राहिली की शांत व्हायची. ८ मार्च २०१८ च्या रात्री एमआयडीसीत मोठा स्फोट झाला, कित्येक किलोमीटरवर घरं हादरली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. तेव्हा इमारतीत बोलवा उठली की आमच्या सशाला आधी कळतं. काही कळत नव्हतं. ती कुकरच्या शिटीलाही तसाच पाय आपटायची.

उन्हाळा तिला सगळ्यात वाईट. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर पडते ती कानांवाटे. लाइट गेली की ओल्या हातानं कान पुसायचे आणि माठाशेजारची ओली फरशी तिला द्यायची. एकदा वाळ्याचा पडदा आणून लावला. वाळा हे शेवटी गवतच; जूनपर्यंत पडद्याचा खालचा हातभर भाग तिच्या पोटात गेला होता.

शेवटची दोन वर्षं ती फारशी धावली नाही. कोन फिरवायची नाही, बसल्या जागी सोलायची. २०२४ च्या पावसाळ्यात वयानंच गेली. त्या उन्हाळ्यातलं वाळवण निम्मं उरलं होतं. काकूंच्या बहिणीच्या घरी पालघरला ससा आहे, डबा तिकडे दिला.

तुम्ही मुलांच्या हट्टासाठी ससा आणणार असाल तर एवढं करा. तो आठ-दहा वर्षं राहणार आहे, हे घरात आधी ठरवून घ्या. पिंजऱ्याआधी चांगल्या गवताची सोय बघा. प्राण्यांचे सगळेच डॉक्टर सशावर उपचार करत नाहीत. जे करतात त्यांचा नंबर आधीच विचारून लिहून ठेवा. आणि सशानं अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याला उलटी करता येत नाही. आतडं थंडावलं की काही तासांत जीव जाऊ शकतो.