पाच सेंटिमीटर

जहाजाच्या स्थैर्यावर हात वर करून मतदान घेता येतं, हे मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कळलं. तीन विरुद्ध एक. अजून आठवलं की डोकं फिरतं.

नेव्हल आर्किटेक्चरला शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून एक जहाज डिझाइन करायचं असतं. आम्ही प्रवासी फेरी घेतली: भाऊचा धक्का ते रेवस, लांबी 24 मीटर, रुंदी 6, प्रवासी दीडशे. मार्ग माझ्या हट्टानं ठरला. आमच्या अलिबागकडे ‘रामदास’ अजून विसरलेली नाही. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या; रेवसला निघालेली बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. लाटेनं बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला लोटली, अशी हकिकत ऐकतच आम्ही वाढलो. बाकीचे तिघं परप्रांतातले, त्यांना कुठलाही मार्ग चालला असता.

एकाकडे लाइन्स, म्हणजे हलचा आकार. दुसऱ्याकडे इंजिन, तिसऱ्याकडे आतली मांडणी आणि देखणी थ्रीडी चित्रं. माझ्याकडे वजनं आणि स्थैर्य, म्हणजे हमाली. प्लेटा, नांगर, साखळी, खुर्च्या, लाइफ जॅकेटं, अगदी रंगसुद्धा. प्रत्येकाचं वजन आणि कीलपासूनची, म्हणजे तळापासूनची, उंची एक्सेलमध्ये भरत बसायचं. त्यातून जहाजाचा गुरुत्वमध्य निघतो. आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, स्टॅबिलिटी कोडप्रमाणे सगळे प्रवासी एका बाजूला जमले तरी जहाज 10 अंशांहून जास्त कलता कामा नये. आमचं 8.7 वर थांबत होतं. मी खूश होतो.

सबमिशनच्या आठवड्यात मांडणीवाल्यानं वर आणखी एक डेक चढवला. मोकळा, वर छत, पन्नास खुर्च्या. चित्र झकास दिसत होतं, हे मान्य. मी वजनं पुन्हा भरली. डेक आणि छताचं मिळून पाच टन पोलाद, शिवाय खालचे पन्नास प्रवासी वर गेलेले. गुरुत्वमध्य वीसेक सेंटिमीटर वर सरकला. उत्तर आलं 10.2.

‘‘पॉइंट दोनसाठी काय रडतोस?’’

यावर उपाय होता, आणि तो चौघांनाही ठाऊक होता. रुंदी वीस सेंटिमीटरनं वाढवायची. पाण्यावरच्या आकाराचा जडत्वाघूर्ण रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो, त्यामुळे एवढीशी रुंदीही पुष्कळ काम करते. पण रुंदी बदलली की लाइन्स नव्यानं काढा, मग रोध बदलला, इंजिनाचा हिशेब बदलला, मांडणीची सगळी ड्रॉइंगं बदलली. वर्गात ‘डिझाइन स्पायरल’ शिकवतात ते हेच: त्याच मुद्द्यांवरून गोल गोल फिरत हळूहळू आत यायचं. परीक्षेत तिची आकृती आम्ही सगळ्यांनी सुरेख काढली होती. प्रत्यक्षात एक फेरी जास्त मारायची म्हटल्यावर लाइन्सवाल्यानं लॅपटॉप मिटला. ‘‘माझा हल फ्रीझ झालाय.’’

मग जे सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. कोडात प्रवाशाचं वजन 75 किलो धरतात. सबळ कारण दिलं तर 60 पर्यंत उतरता येतं. इंजिनवाला म्हणाला, ‘‘घे साठ. कोकणातली माणसं काटकच असतात ना?’’ कारण म्हणून हे लिहायचं? मी उखडलो. तेव्हा मांडणीवाल्यानं सरळ तक्त्यात हात घातला. रिकाम्या जहाजाच्या गुरुत्वमध्याचा आकडा पाच सेंटिमीटर खाली. सूत्रं पळाली, कोपऱ्यात 9.7 आलं, चौकट हिरवी झाली. ‘‘हा अंदाजच आहे ना शेवटी?’’ अंदाज होता, पण तो माझा होता, एकेका खुर्चीवरून बांधलेला. मी नाही म्हटलं, म्हणून मतदान.

दक्षिण कोरियाच्या ‘सेवोल’ फेरीवर वरच्या मजल्यांवर केबिन वाढवल्या होत्या. ती 2014 मध्ये उलटली, 304 माणसं गेली. हेही मी मतदानाच्या रात्री सांगून पाहिलं. ‘‘आपली बोट कोण बांधणार आहे?’’ हे उत्तर मिळालं, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्थैर्याची फाइल उघडलीसुद्धा नाही. वरच्या डेकचं मात्र तोंड भरून कौतुक. श्रेणी चौघांना एकच. गटाच्या प्रकल्पात सगळ्यांना सारखे गुण देणाऱ्यांनी एकदा वजनाचा तक्ता भरून पाहावा. आणि असा प्रकल्प करणाऱ्या मुलांना माझं सांगणं: वजनं ज्याच्याकडे आहेत त्याला पहिल्याच दिवशी नकाराधिकार द्या, आणि त्याच्या फाइलला पासवर्ड लावा. खऱ्या जहाजावर इन्क्लायनिंग टेस्ट असते. माहितीतलं वजन डेकवर आडवं सरकवायचं, लंबक किती हलतो ते मोजायचं, की गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे ते कळतं. तिथे असे पाच सेंटिमीटर लपत नाहीत. कॉलेजात ही सोय नसते.

आता नोकरीत वजनांची आणि स्थैर्याची कामं रोजची झाली आहेत. गावी जाताना गेटवेहून लाँच पकडतो. वर बसायचे जादा पैसे पडतात, तरी लोक वरच धावतात. मीही वरच बसतो. खाली डिझेलचा वास आणि घुसमट. डेक हवाच होता हो. मी आठवडाभर मांडणीवाल्याशी भांडत राहिलो. खरं भांडण लाइन्सवाल्याशी व्हायला हवं होतं. त्याला फोन करून हे सांगितलं तर म्हणतो, ‘‘कुठला डेक?’’