नाथसागरावर गळ टाकायला

येत्या मे महिन्यात नाथसागरावर मासे धरायला जायचे घाटते आहे. 'ठरले आहे' असे अजून लिहीत नाही. जाणाऱ्या चौघांपैकी एक अमेरिकेत आहे, एकाला होडीची भीती वाटते, एक रोज पोटासाठी त्याच पाण्यावर जातो त्यामुळे त्याला काही अप्रूप नाही, आणि चौथा मी. माझे वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात मी धरलेले मासे बोटांवर मोजता येतील, आणि तेही शाळा बुडवून, ओढ्यात, पंचाने धरलेले.

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. धरणाची भिंत तिकडच्या जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, जीभ अजून वळत नाही) शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत आत शिरलेला. प्रवरासंगमाच्या पुलावरून जाताना दिसते ते पाणी ह्याचेच. भरले की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरते. समुद्र न पाहिलेल्या आमच्याकडच्या पोरांना हाच समुद्र. नावाचीही एक गंमत आहे. मूळ बेत निजामाच्या काळातला, आणि जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. पुढे धरण झाले वर पैठणला, नाव मात्र तेच राहिले. म्हणजे नाव एका गावाचे, भिंत दुसऱ्या गावाला, आणि बुडाली ती तिसरीच गावे. त्यात आमचे एक.

बेताचे खूळ मुलाचे. तो मिनियापोलिसला असतो. तिकडे मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीवर लेक ऑफ द वूड्स नावाचे अफाट तळे आहे, चौदा हजारांवर बेटे असलेले. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो तिथे वॉलआय नावाचा मासा धरायला जाऊन आला. ह्या माशाचे डोळे मांजरासारखे चमकतात, त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसते, म्हणून गळ टाकायचा तो तिन्हीसांजेला नाहीतर भल्या पहाटे. हंगाम मेच्या मध्यावर उघडतो आणि मंडळी त्याचे बेत थंडीतच, बाहेर बर्फ पडत असताना करतात. परवाना काढायचा, मासा पट्टीने मोजायचा, नियमात बसत नसेल तर पाण्यात परत सोडायचा. हे ऐकून आमची ही म्हणाली, "परत सोडायचा तर धरायचा कशाला?" मला त्यावर काही उत्तर सुचले नाही. पुढे एका वेगळ्याच कारणाने ते सुचले, ते ओघात येईल.

फोनवर तो म्हणाला, "बाबा, घरापासून तासाभरावर एवढे मोठे पाणी आहे, आपण तिथे कधी होडीत बसलोच नाही." खरे आहे. काठापर्यंत गेलो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शाळेच्या सहली नेल्या, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्यही आहे. पण होडीत पाय ठेवला नाही.

१९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी धरणाचा पाया घातला तेव्हा मी शाळेत होतो. १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो, दुसऱ्या तालुक्यात. त्यामुळे गाव उठण्याची खरी झळ मला बसली नाही. ती बसली तात्यांना. तात्या माझे चुलतभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, गावात राहून शेती बघणारे. त्यांनी वाड्याच्या तुळया, चौकटी, दारे उतरवून बैलगाड्यांतून नेली. देवळातला देव नेला. काळ्या रानातली विहीर तेवढी नेता येईना. प्रकल्पातल्या विस्थापितांसाठी राज्याचा पुनर्वसनाचा कायदा झाला तोही १९७६ साली, म्हणजे आमच्या गाड्या हलल्यानंतर. नव्या गावाला जुनेच नाव दिले. टपाल त्याच नावावर येते, म्हणून परक्याला काही कळत नाही.

तात्या मटण खातात, मासे खातात. पण नाथसागरातला मासा त्यांनी ह्या पन्नास वर्षांत तोंडात घातलेला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी विचारतात, "कुठला?" उत्तर आले नाही तर भात-वरणावर जेवण आटोपतात. कारण कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. त्या वर्षी, निघायच्या आधी, त्यांची आई गेली. तिचे सगळे तिथेच नदीकाठी झाले. मला वाटते एवढे पुरेसे आहे.

आता तिसरा माणूस. हा माझा नव्वदच्या दशकातला विद्यार्थी. भूगोलात कच्चा होता. बापाची होडी होती, आता ह्याच्या दोन आहेत. मच्छीमार सोसायटीचा सभासद आहे, त्यामुळे गळ टाकायची रीतसर विचारपूस तोच करणार. ह्या गृहस्थाने आमचे गाव पाहिलेले नाही, धरण झाल्यावर त्याचा जन्म. पण त्याला आमचे गाव पाठ आहे! जाळे कुठे अडकते, होकायंत्राशिवाय तो सांगतो. काठावरचा विजेचा खांब आणि पलीकडच्या देवळाचे शिखर एका रेषेत आले की खाली चिंचेचे खोड. तिथून थोडे पुढे गेले की दगडी ओटा, तिथे मरळ. आणि एका जागेला त्यांच्यात नावच पडले आहे, 'विहिरीचं पाणी'. उन्हाळ्यात पाणी उतरले की मोठा मासा त्या दगडांच्या आसऱ्याला येतो म्हणे.

मी म्हटले, "अरे, पन्नास वर्षांच्या गाळाने विहीर बुजली असेल."

"बुजली आसंल सर, पण कडंचं दगड शाबूत हायेत. दर साली माझं जाळं तिथंच फाटतं."

मग त्याने जरा थांबून विचारले, "तुमच्यातलं कुणी जुनं माणूस हाये का? इहिरीला पायऱ्या कुठल्या अंगाला व्हत्या, तेवढं कळलं तर जाळं वाचंल."

मी तात्यांना फोन लावला. वाटले होते, टाळतील. तात्या ताबडतोब म्हणाले, "उगवतीकडून. अकरा पायऱ्या. सातवी हलते, तिच्यावर जोर देऊ नका म्हणावं." फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्यांचाच उलटा फोन. "त्याला विचार, मोटेच्या थारोळ्याचा दगड लागतो का." मग संध्याकाळी पुन्हा. असे आठवडाभर चालले. मी मध्ये निरोप्या. एकाला वरून ठाऊक, एकाला खालून, आणि दोघांचे गाव तंतोतंत जुळत होते. आठव्या दिवशी तात्या म्हणाले, "मी येतो."

मी चाट पडलो, कारण २०१९ ला ते आले नव्हते. त्या उन्हाळ्यात जायकवाडीचा जिवंत साठा संपला होता. धरणाची एकूण साठवण १०२ टीएमसीच्या वर, त्यातले सुमारे २६ टीएमसी मृत साठा. त्यालाही हात लागला. पाणी इतके मागे हटले की आमच्या गावची पांढरी उघडी पडली. भेगाळलेल्या गाळावरून चालत आम्ही गेलो होतो. देवळाचा ओटा, घरांचे पाये, शिंपले. उघड्या पडलेल्या जमिनीत कुणीकुणी गाळपेर करून कलिंगडे लावली होती, त्यातले एक आम्ही विकत घेऊन खाल्ले. आमच्याच शिवारातले असावे. तात्यांना किती आग्रह केला. ते म्हणाले, "संभाजीनगर, जालना ह्या पाण्यावर जगतात. तिकडं बायका हंडे घेऊन रांगेत, आणि मी हौसेनं गाव बघायला जाऊ? आमचं गाव दिसावं म्हणून धरण आटू दे, असं म्हणायचं का?"

ह्या पाण्याबद्दल आमच्या जिल्ह्यात फार बरे बोलले जात नाही, हेही सांगायला हवे. मुळा आणि भंडारदरा ही आमची धरणे वरच्या अंगाला, जायकवाडी खाली. समन्यायी वाटपाच्या नियमाने कमी पावसाच्या वर्षी वरून खाली पाणी सोडावे लागते. २०२३ साली नगर-नाशिकच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा इकडे मोर्चे आणि तिकडेही मोर्चे. तात्यांचे सगळे सोयरे वरच्या बाजूचे, ऊसवाले. त्यांच्यात बसून तात्या एकटेच म्हणायचे, "जाऊ द्या खाली. आम्ही गाव दिलंय त्यासाठी, आता निदान भरलेलं तरी राहू द्या." ह्यावर कुणाला काही बोलता येत नसे.

यंदा तो प्रश्न नाही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसाने धरण तुडुंब भरले, दरवाजे उघडावे लागले आणि खाली गोदाकाठी पुराने हाहाकार केला. तेव्हा मे महिन्यात पाणी उतरले तरी गाव दिसणार नाही. विहिरीवर चांगले दोन-तीन पुरुष पाणी असेल, असा विद्यार्थ्याचा अंदाज. तात्या ब्याऐंशीचे आहेत. ते म्हणाले, "दिसायला नकोच आहे. वर जाऊन बसायचं आहे."

आता माशांविषयी. रोहू, कटला, मृगळ हे तिघे ह्या पाण्यात आहेत. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरातले खातो, रोहू मधले आणि मृगळ तळाचे. एकाच बाकावर तीन मुले भांडण न करता बसावीत तसे. पण हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले (उत्तरेतली गंगा, आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात म्हणून खुलासा). साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिले, बाहेरून आणून सोडावी लागतात. आमच्यासारखीच दुसरीकडून आणून वसवलेली वस्ती. चिलापीचे तसे नाही. ती परदेशातून आली, पण पिले तोंडात धरून सांभाळते आणि बघता बघता पाणी व्यापते. विद्यार्थ्याचे म्हणणे, जाळ्यात आता तीच फार, भाव कमी. मूळचे रहिवासी म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते, तेव्हा पाण्यावर बुडबुडा फुटतो. लहानपणी आम्ही ओढ्याच्या डोहावर तो बुडबुडा बघत तासन् तास बसत असू. गळाला लागावी तर मरळच, अशी माझी इच्छा आहे.

मुलगा तिकडून रीळवाली काठी आणणार आहे. तिचा फोटो विद्यार्थ्याला दाखवला तर म्हणाला, "सर, येवढ्या पैशात माझं एक जाळं झालं आसतं." आमिषाला गांडुळे पुरेत, नाहीतर कणकेचा गोळा, असे त्याचे मत. निघायचे पहाटे चारला, कारण मेमध्ये दहा वाजता ऊन डोक्यावर येते आणि दुपारनंतर वारा सुटला की लाटा होडी उलथवतील अशा उठतात. लाइफ जॅकेट चौघांनाही, ही सुनेची अट. तिने ती मागवूनही टाकली, केशरी रंगाची. तात्या धोतरावर ते घालणार, हे दृश्य मी आत्ताच डोळ्यांपुढे आणून बघतो आहे. बरोबर भाकरी, ठेचा, पिठले. हिचा शेरा असा, की आयुष्यभर पोरांना गप्प बसा म्हणून ओरडलात, आता मासा लागेपर्यंत स्वतः गप्प बसून दाखवा.

राहिली तारीख. मुलाला रजा मिळते ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. पण यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. हिने कॅलेंडर पुढे धरले. "अधिकात मासे? माझ्या स्वयंपाकघरात नाही शिजायचे." मी पेचात. लग्नसराई अधिकात थांबते, त्यामुळे सगळे मोकळे असतात, होडीही मोकळी. त्याआधीचा आठवडा धरावा तर मुलगा येत नाही, आणि पुढे ढकलावे तर पाऊस.

तात्यांना विचारले. त्यांनी तोडगा क्षणात काढला.

"अधिकातच जाऊ. धरायचा आणि सोडून द्यायचा. तुझा पोरगा तिकडं करतोच की."

मुलाने हे ऐकून लगेच तिकीट काढले. विद्यार्थ्याला मात्र हा व्यवहार पटलेला नाही. विहिरीच्या पाण्यातला मोठा मासा हातात घेऊन पुन्हा खाली सोडायचा, ह्या कल्पनेने त्याला झोप येत नसावी. काल त्याचा फोन होता. "सर, तात्यांना म्हणावं, त्यांनी सोडलेला मासा मी दुसऱ्या दिवशी धरला तर चालंल का?"

तात्यांना निरोप दिला आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.