ऐनवेळचे विषय

२४ एप्रिल
१ मेच्या ग्रामसभेची नोटीस आज पंचायतीच्या फळ्यावर लागली. शेवटी नेहमीची ओळ: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. मला अख्ख्या नोटिशीत हीच ओळ सगळ्यात वजनदार वाटते. कोरम कायद्यात ठरलेला आहे: शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी ते. अध्यक्ष कोण, तेही ठरलेलं. पण बोलायला कोणाला उठू द्यायचं आणि कोणाला ‘बसा खाली’ म्हणायचं, ते सगळं अध्यक्षाच्या मनावर.

१ मे
सभा झाली. सह्या आधीच घेतल्या गेल्या. मंदिराच्या सभागृहाचा विषय नोटिशीत नव्हता, तरी त्यावर चांगला अर्धा तास चर्चा चालली. मग मागून एक आजी उठल्या. “माह्या मोहाची झाडं जळली जी. तेंदूसाठी आग कोन लावते, ते इचारा.” उत्तर आलं, “आजी, तो विषय आज नाही.” त्या उभ्याच राहिल्या. बसा म्हणायला तीन जण पुढे झाले, ऐकायला कोणीच नाही. शेवटी प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं गेलं, तेव्हा निम्मी माणसं घरी गेली होती.

नियम कोणी मोडला, असं म्हणता येत नाही. म्हणूनच मला जास्त राग आला.

३ मे
आमच्याच गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचा विचार दिवसभर डोक्यात होता. २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावाला २०१२मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने एकत्र बसून जंगलाचे शंभरावर नियम केले. तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लागतात. मे महिन्यात हातात येणारा रोख पैसा सोडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल! ज्याचं घर त्या पैशावर चालतं, त्याच्या तोंडून ‘हो’ यायचं तर त्याला पोटभर बोलू द्यावं लागतं. आमच्या सभेत आजीला दोन वाक्यं मिळाली नाहीत.

वनहक्काच्या ग्रामसभेला कोरमही वेगळा: २०१२च्या सुधारित नियमांप्रमाणे निम्मे सभासद हवेत, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया. आकडा ठीक आहे. पण बाई हजर असणं आणि तिचं ऐकलं जाणं यात फार अंतर आहे.

११ मे
तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पुडे मोजायला गेले होते. सत्तर पानांचा एक पुडा. मोजता मोजता बायांशी मेंढा-लेखाविषयी बोलणं झालं. गडचिरोलीतल्या त्या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात. त्याआधी अभ्यासगटात नुसती चर्चा, निर्णय नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण हरण्याची भीती नसली की माणूस मोकळा बोलतो. एक शंका मात्र राहते: गप्प बसलेल्याची सहमती धरायची का? माझ्या मते नाही. अध्यक्षाने नाव घेऊन विचारावं.

१९ मे
फळी उठल्यावर आमच्या गावच्या वनहक्क समितीची बैठक झाली. वनहक्काची ग्रामसभा चालवायचे नियम लिहायला घेतले. सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. सह्या ठराव वाचून झाल्यावर. दारू पिऊन आलेल्याने बोलायचं नाही. या शेवटच्यावर बाया एका आवाजात ‘हो’ म्हणाल्या. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्यासाठी मोर्चात चाललेल्यांपैकी काही जणी आज इथे बसल्या होत्या.

शाई वाळली नाही तोच एक जण झुलत आला. म्हणाला, “फळीवर पुडे कमी मोजून रायले.” गलका झाला. “नियम झाला ना आताच, काढा त्याले बाहेर!” आज अध्यक्ष असलेल्या बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, “मानूस आज नाही बोलनार. पन इषय लिहून घ्या. सकाळी तो येईल, तवा बोलेल.” मी रजिस्टरात विषय लिहिला. नियमही राहिला, आणि तक्रार दाराबाहेर गेली नाही.

२० मे
सकाळी तो आला, आंघोळ करून, त्याचं पुड्यांच्या नोंदीचं कार्ड घेऊन. कार्डावरची आणि फळीच्या वहीतली नोंद जुळत नव्हती. आणखी चौघांनी आपापली कार्डं आणली.

आजींचा आगीचा विषय पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर घेतला आहे. अध्यक्ष दर सभेला बदलायचा, हे ठरलं. अध्यक्षाने एखाद्याला थांबवलं तर कारण रजिस्टरात लिहायचं, हेही ठरलं. अध्यक्षच चुकत असेल तर त्याला कोणी थांबवायचं, यावर मात्र एकमत झालं नाही. कोणी म्हणालं पाच हात वर झाले की पुरे, कोणी म्हणालं पाच भाऊबंद तर कुठल्याही घरात सापडतात. मुद्दा रास्त आहे. गुरुवारी पुन्हा बसायचं ठरलं.