जागेवर उभं राहून धावणारं मशीन

प्रिय मैत्रिणी,



तुझं लेस्टरचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण गेले आठ दिवस मी ‘रन’ या एका शब्दात गुंतले आहे आणि ते सगळं तुलाच सांगायचं होतं.

झालं असं, आयटीआयच्या टर्नर ट्रेडच्या मुलांना शिकवताना मी फळ्यावर लिहिलं, ‘द मशीन इज रनिंग’. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, लेथ मशीन तर जमिनीला बोल्टांनी पक्कं केलेलं असतं. मग ते धावतं कसं?”

किती नेमका प्रश्न आहे बघ! आपल्याकडे मशीन चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, पंखाही चालू असतो. इंग्रजीत हे सगळं धावतं. रेल्वे आणि एसटी आपणही धावायला लावल्या, पण जागेवरच्या यंत्राला आपण कधी पळवलं नाही.

मग मी या शब्दाच्या मागेच लागले. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. त्याचे सुमारे 430 अर्थ होते आणि ते सांगायला 60,000 शब्द लागले होते. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली, ती पीटर गिलिव्हर या कोशकाराने. या एका शब्दावर तो जवळजवळ नऊ महिने बसला होता. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले 645! ‘सेट’ मागे पडला.

असं का झालं असेल? मोठं कारण त्या पोराच्या प्रश्नातच होतं, ते म्हणजे यंत्रं. वाफेची इंजिनं आली, गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या आणि प्रत्येक नव्या वस्तूबरोबर या जुन्या शब्दाला नवं काम मिळत गेलं. कॉम्प्युटर आला तेव्हा प्रोग्रामसुद्धा ‘रन’ व्हायला लागला. शब्द पायांसाठी होता, तो चाकांना मिळाला आणि आता जिथे हलताना काहीच दिसत नाही तिथेही तोच आहे.

पूर्वी मी मुलांना अर्थांची यादी पाठ करायला देत असे. आता ते बंद केलं. त्याऐवजी वाहत्या पाण्याचं एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवायला सांगते. खंड न पडता पुढे जात राहणं, हे त्या शब्दाचं मूळ. मग नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक होतं, धुताना साडीचा रंग पसरतो तोही ‘रन’च. गावातून रस्ता जातो, एखादं नाटक शंभर प्रयोग चालतं, कुणी कारखाना चालवतं, सगळीकडे तोच ओघ आहे. आणि घरातलं दूध संपलं की ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. वाहून वाहून भांडं रिकामं झालं!

‘रनआउट’ म्हणजे काय, असं वर्गात विचारलं. अर्धी मुलं म्हणाली, धावचीत. उरलेली म्हणाली, डायल गेज लावून बघतो ते. लेथच्या चकात धरलेला जॉब अगदी मध्यावर बसला नसेल, तर फिरताना तो किंचित इकडेतिकडे होतो आणि गेजचा काटा हलतो. त्यालाही ‘रनआउट’च म्हणतात. ही मुलं स्वतःला इंग्रजीत कच्ची समजतात, पण या शब्दाचा असा अर्थ त्यांच्या हातात आहे, जो इंग्रजीच्या कितीतरी पदवीधरांना ठाऊक नसेल. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचे चेहरे तू पाहायला हवे होतेस.

एक गंमत तुझ्या तिकडची. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला धावतो, म्हणजे ‘रन’ करतो. तुमच्या इंग्लंडात तो ‘स्टँड’ करतो, आणि आपल्याकडेही तो उभाच राहतो. भाषा एकच, पण समुद्र ओलांडला की उभा माणूस पळायला लागतो.

तास संपता संपता मी विचारलं, आपल्या ‘धाव’ शब्दाचे अर्थ किती? क्रिकेटची धाव, संकटात देवाचा केलेला धावा, असं काहीबाही आलं. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी पट्टी होती, तिला धाव म्हणायचे.” मी म्हटलं, आणि पाणी काढायची मोट ओढताना बैल विहिरीपासून ज्या उतारावरून खाली जात, त्या वाटेलाही धावच म्हणत. तो उतार वर्गातल्या कुणीच पाहिलेला नव्हता. मोट गेली, तसा हा अर्थही वापरातून चाललाय. इंग्रजीत यंत्रं आली आणि ‘रन’चे अर्थ वाढले, इथे मोटेबरोबर आपल्या ‘धाव’चा एक अर्थ गेला. म्हणून तो मी त्या सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला लावला.

आता एक काम कर. तिकडे बसमध्ये, दुकानात, शेजारणीच्या बोलण्यात ‘रन’ कानावर आला की तो ज्या वाक्यात आला ते वाक्य लिहून पाठव. पुढच्या बॅचला मी तुझ्या लेस्टरची वाक्यं शिकवीन. आणि तुझ्या माहेरच्या विहिरीवर धाव होती, ती कशी दिसायची तेही लिही. मुलांना ते वाचून दाखवायचं आहे.

तुझी,
साताऱ्याची मैत्रीण