बापाचा रकाना

महसूल खात्याच्या दफ्तरात अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालविलेल्या मनुष्यास रिकामा रकाना दिसला की चैन पडत नाही. आणि म्हणूनच, जुहूच्या वाळूवर माझ्या नातीला पाठीवर घेऊन संथपणे फिरणाऱ्या करड्या घोडीकडे पाहून, विलायतेत काही वर्षे राहून आलेले आमचे अंधेरीचे शेजारी जेव्हा ‘हिच्यात वेल्श रक्त असावे, ते आखूड कान आणि नाकाडाचा तो खोलगट बाक पाहा,’ असे सहज बोलून गेले, तेव्हा ते स्वतः हे वाक्य घरी पोचण्यापूर्वीच विसरले असले, तरी माझ्या मनात मात्र एक रीतसर चौकशी सुरू झाली.

वेल्श डोंगरी तट्टू विलायतेत बारा हातांहून उंच चालत नाही, असे कळले. आपला हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा, अठरा इंचांचा. त्या हिशेबाने हे तट्टू अठरा फूट भरावयाचे! विलायती हात चार इंचांचा, हा उलगडा झाल्यावर मी छत्रीच्या दांड्यावर खुणा करून घोडी मोजली. चांदणी सत्तेचाळीस इंच भरली. माप जुळले खरे, परंतु माप म्हणजे दाखला नव्हे, आणि भीमाकाठच्या भीमथडीपासून माथेरानच्या तट्टांपर्यंत ठेंगण्या घोड्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती.

मालक पस्तिशीचा, अबोल. वय विचारताच त्याने अंगठ्याने घोडीचा खालचा ओठ अलगद उलटा केला. पुढच्या सहा दातांपैकी मधल्या चारांवरील काळे खळगे झिजून सपाट झाले होते, कडेच्या दोहोंवर तेवढे ते शाबूत होते. ‘सात वर्षं,’ तो म्हणाला. इतका निःसंदिग्ध दस्तऐवज आमच्या दफ्तरात क्वचितच आढळे.

‘आणि बाप कोण?’

‘बापाचं कोण लिहून ठेवतो, काका? आईचं विचारा.’

आई राणी, त्याच्या वडिलांच्या तबेल्यात जन्मलेली; आजी तापीकाठच्या सारंगखेड्याची, दत्तजयंतीच्या यात्रेत त्याच्या आजोबांनी घेतलेली. शिंगरू आईच्या मागे धावते, तेव्हा आई साऱ्या गल्लीने पाहिलेली असते. बापाची साक्ष देणारे कोणी नसते. आता म्हणे आयाळीचे केस मुळांसकट उपटून प्रयोगशाळेत धाडले की पितृत्वाचा निवाडा होतो. पण त्यासाठीही ताडून पाहावयास एखादा संशयित बाप हजर करावा लागतोच.

वेल्श घोड्यांचा वंशग्रंथ ठेवणारी संस्था 1901 सालची, आणि तिच्या ग्रंथाचा पहिला खंड 1902 चा. परंतु त्या ग्रंथालाही एके काळी एक मागील दार ठेवावे लागले होते: नोंद नसलेली, पण लक्षणांनी पसंत पडलेली घोडी ‘मूळ साठा’ म्हणून दाखल करावयाची, आणि पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्याच घोड्यांशी संबंध येत गेला म्हणजे तिच्या पणतीला पूर्ण हक्क द्यावयाचे. हे दार केवळ माद्यांसाठी होते. अरबस्तानातील बेदूही घोड्याचे कूळ आईवरूनच सांगत आले.

हे वाचताना मला नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांची लांबट वही आठवली. तीत आमच्या घराण्याचे सात पुरुष सापडतात. गाव, गोत्र, कोणत्या शके कोणाच्या अस्थी घेऊन कोण आला, सारा तपशील मोडी अक्षरांत नांदतो आहे. बायकांच्या जागी मात्र ‘सहकुटुंब’ एवढा एकच शब्द, सातही वेळा. माझ्या पणजीचे नाव मला ठाऊक नाही. ते ज्यांना ठाऊक होते, त्यांना विचारण्याचे मला वेळेवर सुचले नाही. चांदणीच्या बापाची चौकशी करणाऱ्या मला हे तेव्हा प्रथमच बोचले, आणि वेल्श रक्ताचा नाद तेथेच सुटला.

पुढच्या रविवारी मी एका कोऱ्या वहीत घोडीची वंशावळ सुवाच्य अक्षरांत लिहून नेली आणि मालकास वाचून दाखविली: चांदणी, तिची आई राणी, तिची आई शेवंती, सारंगखेडे.

‘शेवंती नाही, काका, शेवंता,’ खोगिराचा तंग आवळता आवळता, वर न पाहता तो म्हणाला. ‘आजोबा शेवंताच म्हणायचे. खोडून नीट लिहा.’