भिंती राहिल्या, कामाचं काय?

आपल्या बडोद्यात गोरव्याकडे अलेम्बिकच्या जुन्या कारखान्यात आता कलाकारांचे स्टुडिओ आणि प्रदर्शनाची दालनं आहेत. आर्किटेक्ट आपल्याच गावचे करण ग्रोव्हर. हैदराबादचं ते प्रसिद्ध सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरही त्यांचंच.

अलेम्बिक १९०७ ची. प्रा. टी. के. गज्जर, भाईलाल अमीन आणि कोटिभास्कर या तिघांनी उभी केलेली. कोटिभास्कर हे आडनाव वाचून आपल्यातल्या कित्येकांचे कान टवकारले असतील! गज्जर म्हणजे सयाजीराव महाराजांच्या कलाभवनाचे. म्हणजे बडोद्यात शिक्षण आणि कारखानदारी हातात हात घालूनच आली.

जुनी इमारत पाडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. वीट भाजायला जो कोळसा जळायचा तो कधीच जळून गेला. पाडलं की तो वाया, आणि नव्या सिमेंट-लोखंडासाठी पुन्हा तेवढाच धूर. शिवाय जाड भिंती, उंच छत आणि वरचे झरोके यांनी मे महिन्यातलं आपलं ऊन बरंच सुसह्य होतं. अर्थात नुसता रंग मारून भागत नाही. जुनं वीटकाम चुन्यातलं असेल, तर डागडुजीही चुन्यातच करावी लागते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि वीट झडायला लागते. वायरिंग, जिने, आग लागली तर बाहेर पडायची वाट, सगळं नव्यानं बघावं लागतं. खर्च होतो, पण तो सामानापेक्षा कारागिराच्या हाताला जातो.

माझ्या वडिलांनी तिथे पॅकिंगमध्ये नोकरी केली. त्यांना मी सगळं दाखवून आणलं. खूश झाले, पण जिन्यापाशी थांबून म्हणाले, "छान केलंय रे. भिंती राहिल्या. पण इथे काय काम चालायचं, ते आता कोण सांगणार?"

मला उत्तर देता आलं नाही. इमारत आर्किटेक्ट वाचवू शकतो. त्यातलं काम मात्र आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती मंडळी दरवर्षी कमी होताहेत.

म्हणून एकच विनंती. अलेम्बिक असो, साराभाई असो की ज्योती, घरात कुणी तिथे होतं का? कुठल्या खात्यात, कुठल्या मशीनवर, शिफ्ट किती वाजता सुटायची, हे त्यांना विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. मोडकंतोडकं चालेल. मी सगळं एका वहीत उतरवून ठेवतोय.