समुद्राकडे लदेणी

आमच्या अंगणात आठ महिन्यांपासून एक जुनी ट्रॅव्हलर उभी आहे आणि तिला समुद्रावर जायचं आहे. पोहरादेवीत कुणालाही हे सांगितलं की माणूस आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग मानोऱ्याच्या रस्त्याकडे. इथून समुद्र साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणजे अरुणावतीचं, विहिरीचं, नाहीतर टँकरचं. खारं पाणी बघायचं तर अकोल्याच्या पलीकडे पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात जावं लागतं, आणि तेही विहिरीत वाकून.

गाडी भाच्याने आणली. शाळेची पोरं वाहून वाहून तिचे स्प्रिंग बसले होते. मी निवृत्त गुरुजी, माझेही जरा बसलेलेच; त्यामुळे आमचं जमलं. आतली बाकं काढली. एका बाजूला दोघांची झोपायची फळी, तिच्याखाली पेटी, दुसऱ्या बाजूला शेगडी आणि पाण्याची टाकी, छतावर सोलरचं पॅनेल, मागे पडद्याआड शौचालयाचा डबा. शहरात याला कॅम्परव्हॅन म्हणतात, सरकारी कागदात कॅरॅव्हॅन. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलं. मात्र गाडीच्या बॉडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आरसी बुकात नोंद लागते. त्या कागदांनी आमचे तीन महिने खाल्ले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. जेवण कडू होतं.

दिग्रसचा वेल्डर काम करताना एकदा थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, गाडीत घर बसवाचं असन तं आधी घरातलं अर्धं सामान फेका लागते." मग त्याने हिशोब मांडला. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बॅटरी वेगळी, सिलिंडर वेगळा, फळ्या वेगळ्या. मी ऐकत होतो, पण मनात दुसराच हिशोब सुरू झाला. पाठीवर गोण टाकलेला बैल दोन्ही अंगांना मिळून सव्वाशे-दीडशे किलो ओझं न्यायचा. म्हणजे आमची पाण्याची टाकी हा जेमतेम एक बैल.

आमच्या लोकांच्या डोक्यात हा हिशोब कुठून तरी उरलेला असतो. पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. त्यांचा जन्म १७३९ सालचा, आणि त्यांच्या कथांमध्ये गराशा बैल आणि तोळाराम घोडा माणसांइतकेच महत्त्वाचे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे नंगाऱ्याच्या आकाराचं वारसा संग्रहालय उघडलं. तिथे गेलेल्या नातवाने मला विचारलं, "आजोबा, आपले लोक फिरायला जायचे का?" मी म्हटलं, फिरायला नाही रे, लदेणीला. बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालणं म्हणजे लदेणी. लमाण हा शब्द लवणावरून आला असं सांगतात. कोकणातल्या मिठागरांतून घाट चढून देशावर येणारं मीठ बैलांच्या पाठीवरून यायचं. मग आगगाडी आली, मीठ वाघिणीत बसलं आणि बैल रिकामे झाले. बैल रिकामे झालेल्या माणसांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातींचा शिक्का मारायला सुरुवात केली. फिरणारा माणूस सरकारला कधीच आवडला नाही. आता तेच फिरणं धोरणात बसतं, फक्त गाडीला सोलर लागतो.

पीटर मुंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानातून जात असताना त्याला एक तांडा भेटला. चौदा हजार बैल, सगळे धान्याने लादलेले. बायका-मुलं, सगळा संसार बरोबर. त्याने लिहून ठेवलंय की हे लोक दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि तेही उन्हं नसताना. मुक्कामावर गोणी उतरवायच्या, बैल चरायला सोडायचे. मला त्या चौदा हजारांपेक्षा ते सहा-सात मैल जास्त भावले. एवढी मोठी उलाढाल आणि चाल अशी की वाटेतलं गवतही संपू नये. आमच्या कारंज्यावरून, शेलूबाजारवरून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. त्याने निघालं तर दिवेलागणीला खाडी दिसेल. पण मग आठ महिने गाडी कशाला बांधली?

म्हणून आमचा बेत उलटा आहे. समुद्रापर्यंत पोचायला चार दिवस घ्यायचे. मेहकर, सिंदखेडराजा, जालना, पुढे अहिल्यानगर, आळेफाटा. माळशेज उतरण्याआधी वाकडी वाट करून नाणेघाट बघायचा. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारी ही वाट. तिच्या तोंडाशी अजून एक दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा फास्टॅग. बायकोचं म्हणणं, रांजण बरा होता, त्यात किती पडले ते दिसायचं तरी.

मग पनवेल, पेण, अलिबाग आणि रेवस. इथे मला एक गंमत सापडली. रेवसच्या समोर, धरमतरच्या खाडीपलीकडे उरणचं कारंजा आहे. आम्ही घरून निघणार ते लाडांच्या कारंज्यावरून, आणि समुद्राशी पहिली गाठ पडणार तर समोर पुन्हा कारंजा. नकाशावर दोन्हींना पेन्सिलीने गोल केला आहे.

रेवस ते रेडी हा सागरी मार्ग पाचशेच्या आसपास किलोमीटर भरतो. मुंडीच्या तांड्याच्या चालीने गेलो तर पन्नास दिवस. बायको म्हणाली, "हरभरा कोण काढणार?" तडजोड वीस दिवसांवर झाली. रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर, त्यातही दुपारचे चार तास झाडाखाली. जाणकार लोक सांगतात, कोकणात आमच्या गाडीचा शत्रू चढ नव्हे, रुंदी. दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, वर आंब्याची फांदी, तिच्यावर विजेची तार, आणि समोरून एसटी. छत साडेनऊ फूट झालंय. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक वाडीत उतरून एकाने पुढे चालायचं आणि हात दाखवायचा, असं ठरलं आहे. पूर्वी हे काम तांड्यात पोरं करत असणार.

खरं नियोजन मात्र खाड्यांचं. कोकणचा किनारा सरळ जातच नाही. दर काही कोसांवर नदी आडवी येते, आणि तिला वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून फेरीबोटी. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. ट्रक चढतात, आमची गाडी चढेल याबद्दल शंका नाही. शंका आहे ती तिच्या शेपटाची. मागच्या चाकांमागे हिचा सांगाडा लांब आहे. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि असं शेपूट जमिनीला घासतं. म्हणजे शौचालयाचा डबा घासतो. हे टाळायचं तर पाणी भरलेलं असताना चढायला हवं.

मग मी भरती शिकायला बसलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पोहरादेवीत. कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकमित्राने फोनवर एका वाक्यात शिकवलं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. "गुरुजी, तुमच्या गाडीला भांग बरा," तो म्हणाला. मी हे वाक्य बायकोला सांगितल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून भांग या शब्दाचा खुलासा मला ताबडतोब करावा लागला.

आयुष्यभर भिंतीवरच्या कॅलेंडरात आम्ही एकादशी, संकष्टी आणि शाळेच्या सुट्ट्या बघितल्या. त्याच तिथींच्या पोटात समुद्राचं वेळापत्रक दडलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. आता कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात माझे बारीक आकडे आहेत.

मुक्कामांचं काम बायकोकडे. तांड्यात हे काम नायकाचं असे. गावाबाहेर थांबून आधी पाटलाला भेटायचं, पाण्याची आणि चाऱ्याची परवानगी घ्यायची, मग गोणी उतरवायच्या. ती रोज दुपारी दोन फोन करते. "तुमच्या अंगणात गाडी उभी करू द्याल का? पाणी, विजेचा एक पॉइंट आणि सकाळी एक बादली." दिवेआगरला होकार मिळाला, वेळासला मिळाला, तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेवढ्यासाठी तिथे दोन रात्री. गुहागरकडच्या एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी लावा हो, पण जेवाल ना?" बायकोच्या वहीत त्या नावापुढे तीन चांदण्या आहेत. वाळूवर मात्र गाडी न्यायची नाही, हे तिने लाल शाईने लिहिलं आहे. रुतलेली गाडी भरती ओळखत नाही.

आमच्या याडीला, म्हणजे माझ्या आईला, हे सगळं पटलेलं नाही. ती गोरबोलीत म्हणाली त्याचा अर्थ असा: घर मिळावं म्हणून तुझ्या बापाने जन्म घालवला, आणि तू घराला चाकं लावतोस? तिचं चुकत नाही. आमच्या भागातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, तान्ही पोरं. तीही चाकांवरची घरंच, पण त्यांचं कुणी धोरण काढलं नाही. कोकणात आणि गोव्यात रस्त्यांच्या कामावर लमाणी मजूर दिसतात. कर्नाटकातून आलेले, आमचीच बोली थोडी वेगळ्या वळणाने बोलणारे. ज्या रस्त्याने मी मौजेखातर जाणार, त्याच्या कडेला डांबराच्या पिंपाजवळ कुणी बाई ओळखीचं काही बोलली, तर मी गाडीतून उतरून काय सांगणार आहे? याचा बेत अजून कुठल्याच वहीत झालेला नाही.

शेवटचा मुक्काम शिरोडा, रेडीच्या अलीकडचा. तिथली मिठागरं बघायची आहेत. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्या काळात त्याच गावच्या शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट मी वर्गात पंचवीस वर्षं सांगत आलो, गाव न पाहता. त्याच साली आमच्या वऱ्हाडानेही मीठ काढलं, समुद्र नसताना. अकोल्याजवळच्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी आटवून कायदा मोडला. मला हे फार आवडतं. समुद्र नाही म्हणून कुणी घरी बसलं नाही.

निघायचं कधी, तर सेवालाल जयंती झाल्यावर, म्हणजे १५ फेब्रुवारीनंतर. रामनवमीच्या यात्रेआधी परत. मध्ये होळी येते. तांड्यावर लेंगी गायची सोडून कोकणात शिमग्याची पालखी बघायची, याला भावकीची परवानगी महत्प्रयासाने मिळाली. पण यंदा आरटीओचे कागद होळीनंतर आले, हरभरा काढायला मजूर मिळाले नाहीत, आणि बेत एक वर्षाने पुढे ढकलला.

त्यामुळे परवाच्या रामनवमीला गाडी अंगणातच होती. यात्रेला लोक येतात ते तेलंगण, कर्नाटक, कुठून कुठून. आमच्याकडे बावीस पाहुणे. घर भरलं, ओटा भरला, आणि मग कुणीतरी गाडीचं दार उघडलं. दोघांच्या फळीवर चार बायका, खाली पाच पोरं. टाकीतलं शंभर लिटर पाणी रात्री दहालाच संपलं. याडी दाराशी बसून कोण कुठे झोपणार ते सांगत होती, डोकं कुठल्या दिशेला करायचं तेही. एक म्हातारा पाहुणा गाडीभोवती फिरून आला, टायरला हात लावला आणि म्हणाला, "गोण ठेवायला जागा नाही केली?" मी उगाच हसलो. सकाळी बघतो तर बायकोच्या वहीत, बादली आणि जादा फ्यूज यांच्या खाली, तिच्या अक्षरात एक नवी ओळ होती: रिकामी गोण, १.

पहाटेपासून नंगारा सुरू होता. पळस जवळजवळ झडून गेला होता, उन्हं चढायला लागली होती, पोरं गाडीतून एकेक करून उतरत होती. मी कॅलेंडरपाशी गेलो. चैत्र शुद्ध नवमी. नऊचे पाऊणपट पावणेसात. घड्याळात पावणेसातच झाले होते. भांगाची भरती. दाभोळच्या धक्क्याला आता पाणी लागलं असेल, आणि पहिली बोट रिकामीच पलीकडे गेली असेल.